झोपाळ्याच्या फळीवरचा डाग: नॉर्मल मॅप पुन्हा पुन्हा का बिघडतो

वाड्याच्या माजघरातला शिसवी झोपाळा. १८० सेंटिमीटर लांब, ६० रुंद, ५ जाड अशी फळी, तिच्या कडेने कोरलेली वेल, चार कोपऱ्यांना पितळी कड्या आणि प्रत्येक कडीच्या मधोमध एक मोर. एका गेममधल्या वाड्यासाठी हा प्रॉप, म्हणजे देखाव्यातली वस्तू, मी केला. ब्लेंडरमध्ये, म्हणजे मॉडेल घडवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, दृष्ट लागावी असा दिसत होता. गेम चालवणाऱ्या इंजिनमध्ये नेला आणि फळीवर डाग पडला. कोपऱ्यातून सुरू होऊन मध्याकडे विरत जाणारी करडी सावली. दिवा फिरवला की तीही फिरायची, म्हणजे रंगातला डाग नक्कीच नव्हता.

मी बेक पुन्हा केला, म्हणजे बारीक तपशिलाच्या जड मॉडेलवरची (हाय पॉली) नक्षी साध्या, हलक्या मॉडेलच्या (लो पॉली) नॉर्मल मॅप नावाच्या चित्रात पुन्हा उतरवली. डाग तसाच. केज (बेक करताना मॉडेलवर घालायची खोळ) वाढवली, डाग तसाच. मग रिझोल्यूशन २०४८वरून ४०९६वर नेलं, तर डाग जास्त स्पष्ट दिसायला लागला. दोन दिवस असे गेल्यावर शहाणपण आलं: आपलं चाललंय ते आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. बिघाड बेकरमध्ये नव्हताच.

हा डाग पुढे त्याच झोपाळ्यावर आणखी तीनदा परतला, दर वेळी वेगळ्या कारणाने. नंतर फडताळावर आला, देव्हाऱ्यावर आला, आणि आता नवी मुलं त्यांच्या टेबल-खुर्च्यांवर घेऊन येतात. तक्रार ठरलेली: "ताई, पेंटरमध्ये एकदम मस्त दिसतंय हो, इंजिनमध्येच काहीतरी होतंय." (पेंटर म्हणजे सबस्टन्स पेंटर, मॉडेलवर रंग-पोत चढवायचं सॉफ्टवेअर.) म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवते.

बेकचं बटण दाबण्याआधी

इंजिनमध्ये मटेरियलमधून नॉर्मल मॅप काढून टाका. त्याच्या जागी सपाट निळा रंग द्या: १२८, १२८, २५५. आता फळीकडे बघा.

मॅप काढल्यावर फळीवर मोठमोठ्या सावल्या आल्या, तर घाबरू नका, तसं होऊ शकतं. कारण खाली सांगते. मॅप काढूनही डाग जसाच्या तसा, त्याच आकाराचा राहिला, तर तो नॉर्मल मॅपचा नाहीच. तो लाइटमॅपचा (आधीच मोजून साठवलेल्या उजेडाचा) असेल, रफनेसचा (खडबडीतपणाच्या आकड्याचा) असेल, एखाद्या उलट्या फेसचा (मॉडेलच्या एका पृष्ठाचा) असेल. आणि मॅप काढल्यावर फळी साफ दिसली, मॅप लावल्यावरच घाण झाली, तर मॅप आणि मेश (मॉडेलची जाळी) एकमेकांशी जुळत नाहीत. एवढ्यानेच निम्मं काम होतं.

दुसरी गोष्ट, तपासताना रफनेस तात्पुरता ०.१वर आणा. खडबडीत पृष्ठभागावर हे दोष लपून बसतात आणि पॉलिश केलेल्या शिसवावर मात्र लख्ख दिसतात. माझा पहिला प्रॉप सिमेंटचा कट्टा होता. त्याचा बेकही चुकलेलाच होता, पण कुणाच्या लक्षात आलं नाही. चकाकत्या लाकडाने पितळ उघडं पाडलं.

मॅपमध्ये नक्की काय साठवलेलं असतं

इथे जरा थांबू, कारण बाकी सगळं यावरच उभं आहे.

नॉर्मल मॅप म्हणजे हाय पॉलीचा फोटो, अशी समजूत असते. तसं नाही. नॉर्मल म्हणजे पृष्ठभागाचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते सांगणारा बाण. मॅपमध्ये असतो तो फरक: लो पॉलीच्या त्या ठिकाणी नॉर्मल कुठे बघतोय आणि हाय पॉलीचा कुठे बघायला हवा, या दोघांमधला. इंजिन लो पॉलीचा नॉर्मल घेतं, त्यात मॅपमधला फरक मिसळतं आणि उत्तर काढतं. किराणा दुकानाच्या वहीसारखं आहे. वहीत नुसती बाकी लिहिलेली असते. मूळ रक्कम कुणी मागाहून बदलली, तर बाकी बरोबर असूनही हिशेब चुकणार.

म्हणून बेक झाल्यानंतर लो पॉलीच्या नॉर्मलला ज्या ज्या गोष्टीचा धक्का लागेल, ती प्रत्येक गोष्ट डाग पाडू शकते. स्मूथिंग (कडा गुळगुळीत की धारदार दिसाव्यात ते) बदललं, एक एज (मेशची एक रेघ) काढली, क्वाड (चौकोनी फेस) दुसऱ्या कर्णाने कापला गेला, इंजिनने आयात करताना नॉर्मल स्वतःच नव्याने मोजले, टँजंटचा, म्हणजे पृष्ठभागावरच्या आडव्या-उभ्या दिशांचा, हिशेब बेकरने एका पद्धतीने आणि इंजिनने दुसऱ्या पद्धतीने केला. दिसायला सगळीकडे तोच डाग.

टँजंटच्या बाबतीत आता बरीच शांतता आहे. मॉर्टन मिकेलसन यांची मिकटीस्पेस ही पद्धत ब्लेंडर, सबस्टन्स पेंटर, मार्मोसेट (हेही बेक करायचं सॉफ्टवेअर) आणि युनिटी, अनरिअल ही इंजिनं, या सगळ्यांना कळते. तरीही आयातीच्या खिडकीत एक नजर टाकायची. अनरिअलमध्ये नॉर्मल 'इम्पोर्ट' करायचे, 'कम्प्यूट' नाही, आणि मिकटीस्पेसची खूण असू द्यायची. मॉडेलची एफबीएक्स फाइल आयात करताना स्मूथिंग ग्रुपची माहिती सापडली नाही असा पिवळा इशारा येतो, तो ब्लेंडरमधून बाहेर काढताना स्मूथिंगला 'फेस' निवडलं की जातो. नॅनाइट (अनरिअलची अतिबारीक मेश दाखवायची सोय) चालू असलेल्या मेशची गोष्ट निराळी. तिथे टँजंट सहसा साठवलेले नसतात, चित्र काढतानाच मोजले जातात. म्हणून बेक तपासायचा असेल तेव्हा मी नॅनाइट बंद करूनही एकदा बघते.

पहिल्यांदा: नव्वद अंशांची कड

फळी म्हणजे शेवटी एक खोकं. मी ते पूर्ण स्मूथ ठेवलं होतं, एकही हार्ड एज (धारदार मानलेली कड) नाही. अशा वेळी कोपऱ्यावरच्या व्हर्टेक्सचा (बिंदूचा) नॉर्मल वरच्या, बाजूच्या आणि टोकाच्या फेसची सरासरी घेतो आणि तिरका, बाहेरच्या दिशेला बघतो. फळीचा वरचा भाग सपाट असूनही लो पॉलीला वाटतं की तो उशीसारखा फुगलेला आहे. मग ते खोटं फुगणं रद्द करण्यासाठी बेकर मॅपमध्ये जांभळट-गुलाबी रंगाचे मोठे ओघळ भरतो. मॅप उघडून बघा. सपाट फळीच्या जागी सपाट निळा रंग हवा, त्याऐवजी कोपऱ्यांतून इंद्रधनुष्य पसरलेलं दिसलं तर हेच झालंय.

कागदावर हे चालतं. वजाबाकी अचूक असेल तर डाग पडत नाही. पण ८ बिटांच्या मॅपमध्ये एका चॅनेलला (लाल, हिरवा, निळा यांपैकी एकाला) २५६च पायऱ्या, वर कॉम्प्रेशन, वर मिपमॅप (दुरून दाखवायच्या लहान प्रती). १८० सेंटिमीटरभर हळूहळू बदलणारा ओघळ त्यात नीट बसत नाही आणि चकाकत्या फळीवर पट्टे उमटतात. रिझोल्यूशन दुप्पट केल्यावर डाग जास्त स्पष्ट का झाला, ते आता कळलं असेल.

उपाय दोन. एक, नव्वद अंशांच्या कडांना हार्ड एज द्यायची आणि त्याच जागी यूव्ही, म्हणजे मॉडेलचा सपाट उलगडलेला नकाशा, तोडायचा. हार्ड एज तिथे यूव्हीची शिवण हवीच. उलट मात्र खरं नाही, शिवण असेल तिथे हार्ड एज असलीच पाहिजे असं नाही. शिवणीशिवाय हार्ड एज दिली, तर कडेच्या दोन्ही बाजूंचे अगदी वेगळे रंग एकाच पिक्सेलमध्ये भांडतात आणि कडेवर बारीक रेघ उमटते. शाळेच्या वहीत पेन्सिलीने ओढावी तशी.

दुसरा उपाय, जो मी फर्निचरला जवळजवळ नेहमी वापरते: कडेला एक बारीक बेव्हल (कड मोडून दिलेला उतार) आणि वेटेड नॉर्मल. मोठ्या फेसच्या बाजूने नॉर्मल झुकतात, फळी खरोखर सपाट राहते, मॅपमधले ओघळ नाहीसे होतात. "पण ताई, पॉली वाढतील की," असं लगेच कुणीतरी म्हणतं. हिशेब करू. सगळ्या कडा हार्ड असलेल्या घनाचे व्हर्टेक्स ग्राफिक्स कार्डापर्यंत पोचतात तेव्हा ८ नाही, २४ असतात, कारण प्रत्येक कोपरा तीन नॉर्मलसाठी तीनदा मोजला जातो. एका पायरीचा बेव्हल दिलेल्या स्मूथ घनाचेही व्हर्टेक्स २४च. त्रिकोण १२चे ४४ होतात, ते खरं, आणि यूव्हीच्या शिवणींमुळे व्हर्टेक्स थोडे वाढतील तेही खरं. पण ३२ त्रिकोणांवरून एका झोपाळ्याचा जीव जात नाही. शिवाय खऱ्या झोपाळ्याची कड कधी धारदार नसते. सुताराने रंधा मारून ती मोडलेली असते, नाहीतर बसणाऱ्याच्या पोटऱ्यांना काचली असती.

ब्लेंडर वापरणाऱ्यांसाठी एक खड्डा. ४.१ आवृत्तीपासून जुना ऑटो स्मूथ मेशच्या सेटिंगमधून गेला आणि कोनानुसार स्मूथ करणारा मॉडिफायर (मॉडेलवर ओळीने चढवायची एक क्रिया) आला. मॉडिफायर म्हटल्यावर त्याचा क्रम महत्त्वाचा. जुन्या व्हिडिओत बघून शोधत बसाल तर ऑटो स्मूथची खूण सापडणार नाही, आणि नवा मॉडिफायर बेव्हलच्या आधी लावलात तर व्ह्यूपोर्टमध्ये एक दिसेल आणि बाहेर दुसरंच पडेल.

दुसऱ्यांदा: कर्ण

बेव्हल लावला, बेक स्वच्छ आला, मी निश्चिंत झाले. मग आर्ट डायरेक्टरने सांगितलं की फळी जुनी आहे, वापरून मध्ये किंचित खचलेली दाखव. मी मधल्या व्हर्टेक्स अर्धा सेंटिमीटर खाली घेतल्या, पुन्हा बेक केला, बाहेर काढली. पहिले पाढे पंचावन्न. या वेळी डाग वेगळा होता, कोपऱ्यातून कोपऱ्यात जाणारी तिरकी घडी. इस्त्री करताना चुकून मोडलेल्या धोतरासारखी.

क्वाड सपाट असेपर्यंत तो कोणत्या कर्णाने कापला जातोय याने आकार बदलत नाही. तो जरा पिळला की बदलतो. एका कर्णाने कापला तर मध्ये दरी, दुसऱ्या कर्णाने तर मध्ये कणा. माझ्या बेकरने एक कर्ण धरला होता, इंजिनने दुसरा.

औषध साधं आहे. मॉडिफायरच्या रांगेत सगळ्यात शेवटी ट्रँग्युलेट लावा आणि तीच त्रिकोणी मेश बेकरला द्या, तीच इंजिनला द्या. क्वाडवाली मूळ फाइल स्वतःकडे ठेवा. त्रिकोणी मेशला निर्यातीनंतर कुणी हात लावायचा नाही. "एकच एज काढली फक्त" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, आणि तितक्यांदा स्वतः म्हटलंय. एक एज काढली की आजूबाजूचे सगळे नॉर्मल सरकतात, आणि वहीतली बाकी पुन्हा चुकते.

हिरवा चॅनेल, आणि दोनदा केलेली दुरुस्ती

ही चूक ओळखायला सोपी, पण लोक ती दोनदा दुरुस्त करून पुन्हा आणतात. अनरिअलला डायरेक्टएक्स पद्धतीचा मॅप लागतो. ब्लेंडर आणि युनिटी ओपनजीएल पद्धतीचा मानतात. फरक फक्त हिरव्या चॅनेलचा, तो उलटा असतो. लक्षण असं की कोरलेल्या वेलीच्या खाचा डाव्या-उजव्या अंगाने खोल वाटतात, पण वरून उजेड पडला की त्याच उठावदार दिसतात. वेल आत की बाहेर, डोळ्याला ठरवता येत नाही.

माझ्या बाबतीत पेंटरच्या प्रोजेक्टमध्ये डायरेक्टएक्स निवडलेलं होतं, म्हणजे मॅप बरोबरच होता. एका सहकाऱ्याने सवयीने अनरिअलमध्ये टेक्स्चरच्या सेटिंगला हिरवा उलटा करण्याची खूणही करून ठेवली. दोघेही आपापल्या जागी 'दुरुस्ती' करून मोकळे. तेव्हापासून ठरवलं, दुरुस्ती एकाच ठिकाणी, प्रोजेक्ट सुरू करताना पेंटरमध्ये. इंजिनमधल्या त्या खुणेला हात लावायचा नाही.

याच टेक्स्चरच्या खिडकीत असाल तर एसआरजीबी (रंगांच्या चित्रांसाठीचं रूपांतर) बंद आहे ना, तेही बघा. नॉर्मल मॅप म्हणजे रंग नव्हेत, आकडे आहेत. एसआरजीबी चालू राहिलं तर मधला ०.५ हा आकडा साधारण ०.२१ वाचला जातो, आणि सपाट पृष्ठभाग सगळाच्या सगळा एका बाजूला कलतो. प्रत्येक यूव्ही आयलंड (शिवणींनी सुटा झालेला तुकडा) आपापल्या दिशेला कलतो, म्हणून एकूण एक शिवण दिसायला लागते. 'सगळ्या शिवणी एकाच वेळी दिसतायत' असं कुणी म्हणालं की मी पहिला प्रश्न हाच विचारते. अनरिअलमध्ये कॉम्प्रेशन नॉर्मल मॅपचं निवडलं की एसआरजीबी आपोआप बंद होतं आणि बीसी५ लागतं, ज्यात लाल-हिरवा तेवढा साठवून निळा हिशेबाने काढतात. रफनेस, मेटॅलिक (धातूपणा) आणि ऑक्लूजन (सांधीकोपऱ्यांतली सावली) एकाच चित्रात बांधलेला मॅप असेल तर त्याचंही एसआरजीबी हाताने बंद करावं लागतं. ते विसरलं की शिसव ओलं झाल्यासारखं दिसतं.

मोर तिरका का झाला

कड्यांवरचे मोर हा वेगळा आजार. मॅप स्वच्छ, डाग नाही, पण पिसाऱ्यावरचे गोल डोळे कडेच्या बाजूला ओढल्यासारखे लंबगोल झालेले. याचं कारण केज.

केज म्हणजे लो पॉलीवर घातलेली खोळ. बेकर या खोळीवरून आत किरण सोडतो आणि हाय पॉलीला कुठे लागतो ते टिपतो. खोळ एकसंध असेल, म्हणजे नॉर्मलची सरासरी घेऊन फुगवलेली, तर किरण कडांजवळ तिरके जातात आणि बारीक नक्षी तिरकी उमटते. सरासरी बंद केली तर किरण सरळ जातात, पण कडांवर खोळ फाटते आणि तिथे नक्षीच गायब होते. दोन्ही एकदम मिळत नाही.

मधला मार्ग म्हणजे लो पॉलीत नक्षीच्या भोवती एक जादा एज लूप (भोवती फिरणारी एजांची रांग) देणं, म्हणजे नॉर्मलचं वळण कडेपाशीच संपतं आणि आत किरण सरळ राहतात. मोराच्या चकतीला मी कडेपासून अर्ध्या सेंटिमीटरवर असा एक लूप दिला आणि डोळे पुन्हा गोल झाले. मार्मोसेटमध्ये तिरकेपणा ब्रशने रंगवून सरळ करता येतो, ते साधन उत्तम आहे. पण पेंटरमध्ये पुन्हा बेक करणाऱ्या सहकाऱ्याच्या हाती ते जात नाही, म्हणून मला मेशमधला उपाय जास्त भरवशाचा वाटतो.

एकमेकांना खेटलेल्या भागांसाठी नावाने जुळवणी करा. लो आणि हाय दोन्हींना एकच नाव, शेवटी अंडरस्कोर आणि एकाला 'लो', दुसऱ्याला 'हाय'. नाहीतर कडीचा मोर फळीच्या मॅपवर छापला जातो, आणि तो डाग तर अगदीच मजेशीर दिसतो. मात्र ऑक्लूजन बेक करताना जुळवणी फक्त नावानेच ठेवलीत तर कडी फळीत शिरते तिथली सावली मिळणार नाही. ती हवी असेल तर ऑक्लूजनपुरता सगळ्या मेशचा विचार करायला सांगायचं. अर्थात झोपाळा हलणार असेल तर कड्या आणि फळी यांच्यातली सावली मॅपमध्ये भरूच नका, हलताना ती जागच्या जागी चिकटून राहते.

साखळीची एकच कडी मॉडेल करा आणि तिचाच यूव्ही सगळ्या प्रतींना द्या. बेक करताना एक प्रत सोडून बाकी सगळ्यांचे यूव्ही बरोबर एक एककाने बाजूला सरकवा. एकावर एक ठेवून बेक केलात तर बेकर कोणती कडी खरी मानायची ते ठरवू शकत नाही, आणि करडे ठिपके पडतात. प्रती उलट्या करायच्या असतील तर ऑब्जेक्टचं ऋण स्केल आधी लावून टाका आणि फेसची दिशा तपासा. हे मी दर वेळी विसरते.

दुरून दिसणारी रेघ

जवळून सगळं ठीक, पण पाच पावलं मागे गेलं की फळीच्या कडेला उजळ रेघ. हा दोष मिपमॅपचा. दूरच्या वस्तूसाठी इंजिन टेक्स्चरची अर्धी, पाव, अष्टमांश प्रत वापरतं. २०४८च्या मॅपमध्ये दोन आयलंडमध्ये १६ पिक्सेल अंतर ठेवलंत, तर पहिल्या मिपला ८, दुसऱ्याला ४, तिसऱ्याला २ आणि चौथ्याला फक्त १ उरतं. ४ पिक्सेल अंतर ठेवून यूव्ही ठासून भरणाऱ्यांना ही रेघ दुसऱ्या मिपलाच भेटते.

जागा पुरत नाही, असं उत्तर येतं. म्हणून आधी मोजा. एका सेंटिमीटरला १०.२४ पिक्सेल ही घनता धरली तर १८० बाय ६०ची फळी साधारण १८४३ बाय ६१४ पिक्सेल घेते. वरची आणि खालची बाजू दोन्ही पूर्ण घनतेने ठेवली तर १२२८ पिक्सेल उंची गेली. पण झोपाळ्याची खालची बाजू कोण बघतं? ती अर्ध्या घनतेने ठेवली की ९२२ बाय ३०७वर येते, आणि कड्या, मोर, शिवाय १६ पिक्सेलचं अंतर, सगळं सुखाने मावतं. मांजराच्या नजरेतून खेळायचा गेम असेल तर अर्थात उलटा हिशेब करा.

तिसऱ्यांदा: डाग गेला, पण गेला नाही

हा सगळ्यात चिवट निघाला. नॉर्मल मॅप आता निर्दोष होता. मॅप काढून बघितलं तरी फळीवर तीच फिकट घडी. मग लक्षात आलं की ती उजेडात नाही, चकाकीत आहे.

पेंटरमध्ये झीज दाखवायचे मास्क कर्व्हेचर (कडा-वळणं दाखवणाऱ्या) आणि ऑक्लूजनच्या मॅपवरून बनतात. मी वेळ वाचवायला नव्या मेशवर फक्त नॉर्मल मॅप पुन्हा बेक केला होता. कर्व्हेचर जुनाच, त्यात जुनी घडी, आणि ती घडी इमानेइतबारे रफनेसमध्ये उतरली होती. मेश बदलली की सगळेच मॅप पुन्हा बेक करायचे. दहा मिनिटं जातात, जाऊ देत.

या निमित्ताने मास्क नीट बघितला आणि त्यातली दुसरी खोटही दिसली. मास्क बनवणारा तयार जनरेटर सगळ्या कडा सारख्याच झिजवतो आणि झिजलेली कड फिकट करतो. रंग दिलेल्या लोखंडाला ते शोभतं. शिसवाला नाही, कारण त्यावर रंगाचा थरच नसतो. आतही तेच काळपट लाकूड. मामेआजोबांकडच्या झोपाळ्यावर जाऊन बसले तेव्हा हे नीट दिसलं. समोरच्या कडेला, जिथे माणसं बसतात, तिथे लाकूड फिकट नव्हतं, उलट जास्त गडद आणि गुळगुळीत होतं. पायाने रेटा देऊन झोका घ्यायचा, तेवढं घासणं वर्षानुवर्षं. मागची कड मात्र कोरडी, धूळ बसलेली. वेलीच्या खाचांमध्ये तेल आणि धूळ मिळून झालेलं काळं कीट. कड्यांवर हात पोचतो त्या उंचीला पितळ सोन्यासारखं लखलखीत, आणि वर आढ्याजवळ तपकिरी.

मग झीज मी हाताने काढली. समोरच्या कडेला रफनेस कमी, मागे जास्त, बेस कलरमध्ये फरक नाममात्र. पितळाला मेटॅलिक पूर्ण १ ठेवला, पण वरच्या भागात जिथे मळ आहे तिथे तो खाली आणला, कारण मळ धातू नसतो.

लाकडाच्या रेषांचंही तेवढंच. यूव्ही भरताना जागा वाचवायला फळीच्या बाजूच्या पट्ट्या आडव्याच्या उभ्या फिरवल्या गेल्या, तर रेषा फळीच्या लांबीला आडव्या जातात, आणि ते लाकूड नाही, प्लायवर चिकटवलेला कागद वाटतो. सगळे लाकडी आयलंड रेषेच्या दिशेने लावा, मग भले जागा थोडी वाया जावो. फळीच्या दोन टोकांना वेगळं टेक्स्चर हवं, तिथे रेषा नाहीत, वर्षवलयांचे कंस दिसतात. पाच सेंटिमीटरची ती पट्टी आहे, पण सुतारकामाची जाण असलेला माणूस आधी तिकडेच बघतो.

चौथ्यांदा

लायटिंग बघणाऱ्या दादाने बोलावून घेतलं. "तुझ्या झोपाळ्याखाली काळं पडलंय." मी मनातल्या मनात कर्ण, केज, कर्व्हेचर सगळं आठवत गेले. मॅप काढला, डाग तसाच. रफनेस सपाट केला, डाग तसाच. मग त्याने लाइटिंग पुन्हा बनवायला लावलं आणि डागाची जागा बदलली.

लेव्हलला (गेममधल्या त्या जागेला) बेक केलेला उजेड वापरला होता, आणि त्याला दुसरा यूव्ही चॅनेल लागतो ज्यात काहीही एकावर एक नसावं. मी साखळीच्या कड्यांचे यूव्ही मुद्दाम एकावर एक ठेवले होते ना, तेच दुसऱ्या चॅनेलमध्ये जसेच्या तसे गेले होते. एका कडीची सावली सगळ्या कड्यांवर, आणि शेजारी चिकटलेल्या फळीवर तिचा ओघळ. दुसरा चॅनेल वेगळा उलगडला, प्रत्येक कडीला स्वतःची जागा दिली, आयलंडमध्ये अंतर ठेवलं. दादाने रात्री बिल्ड लावून ठेवला. सकाळी माजघरात ऊन आलेलं होतं, आणि फळीवर फक्त कड्यांच्या चार सरळ सावल्या.